वेदनेत करुणा



नागपूरहून जबलपूरला येताना तिलवाऱ्याच्या पुलावरून आपण नर्मदा ओलांडतो. पुलाचा आधार घेतला म्हणून कोणी आपल्याला अल्पविश्वासी म्हणत नाही. मग प्रसूतिसमयी पाठीच्या कण्यात बारीक नळीतून बधिर करणारे औषध, म्हणजे ‘एपिड्युरल’, मागणाऱ्या लेकीसुनेलाच दोष का?

१८४७ साली एडिंबरोत डॉ. जेम्स सिम्प्सन यांनी प्रसूतीत क्लोरोफॉर्म वापरले, तेव्हा उत्पत्ती ३:१६ पुढे करून आक्षेप घेण्यात आले. सिम्प्सन यांनी उत्तर दिले की, आदामाची फासळी काढण्यापूर्वी देवानेच त्याला गाढ निद्रा आणली होती. शिवाय हव्वेच्या क्लेशांसाठी जो इब्री शब्द योजला आहे, तोच पुढील वचनात आदामाच्या कष्टांसाठी आहे. ते कष्ट हलके करणारा नांगर पुरुषाने कधी नाकारला काय?

ही सोय सर्वत्र नाही, प्रत्येकीला योग्यही नसते. निर्णय मातेने डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावा. वेदना सोसणारीचा सन्मान करा. आराम मागणारीला लाजवू नका. ख्रिस्ताने दुखणाइतांना ‘सोसा’ म्हणून परत पाठवले नाही. त्याने त्यांना स्पर्श केला. तीच करुणा आपल्या घरांत नांदो. आमेन.