मुदत संपते, देणं संपतं का?

एकतीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात बेलिफ होतो. अपिलाची नोटीस घेऊन गेलो की कुणी आतून कडी लावायचा. मग साक्षीदारांसमोर ती दाराला डकवायची आणि अहवाल लिहायचा. कायद्याच्या लेखी दाराने ऐकलं म्हणजे माणसाने ऐकलं.

जिल्हा न्यायालयात अपिलाला 30 दिवस, उच्च न्यायालयात 90. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस वजा. तरीही उशीर झालाच, तर 1963 च्या मुदत कायद्याचं कलम 5 आहे: सबळ कारण दाखवा, माफी मागा. (देवळात कारण विचारत नाहीत.) मूळ दाव्याला मात्र ही सवलत नाही.

माझा पेच तिथेच आहे. उसन्या पैशाचा दावा 3 वर्षांनी मुदतबाह्य होतो, पण कर्ज फिटलं असं कायदा म्हणत नाही. तो फक्त वसुलीचं दार लावून घेतो. धर्मशास्त्र तर बापाचं ऋण मुलाच्या माथी ठेवतं. वडिलांनी बियाण्यासाठी शेजाऱ्याकडून घेतलेले 400 रुपये राहून गेले होते. निवृत्तीनंतर ते त्याच्या मुलाला नेऊन दिले. व्याज किती धरायचं, यावर आमचं अजून एकमत नाही.