डफर, डम्ब आणि आपला ‘ढ’

मूर्ख माणसासाठी आमच्या गावात शब्दांचा तोटा कधीच नव्हता. येडा, खुळा, बावळट, मठ्ठ, दगड, नंदीबैल, बिनडोक, अर्धवट. कुणाला कोणता लावायचा हे वेळेवर आणि माणसावर ठरायचं. आजी म्हणायची, ‘येड्या, भाकरी खा की रं,’ तेव्हा त्यात रागाचा लवलेश नसायचा. तोच शब्द बांधावरच्या भांडणात निघाला की लोक काठ्या शोधायचे. म्हणणारं तोंड आणि ऐकणारा कान यांचं नातं काय, यावर शब्दाचं वजन.

इंग्रजी शब्द आले ते हायस्कुलात. आमची ए-बी-सी-डी धड होण्याआधीच ‘डफर’, ‘स्टुपिड’, ‘इडियट’ पाठ झाले. मास्तरांनी ‘गाढव’ म्हटलं तर पोरगं घरी सांगायचं आणि एखादा बाप शाळेत जाब विचारायला यायचा. ‘डफर’ म्हटलं की तोच बाप विचारायचा, ‘म्हंजी काय रं?’

‘विंग्रजीत कायतरी म्हणलं.’

‘मंग शिकवत्यात म्हणायचं!’

यावर आम्ही तेव्हा खूप हसायचो. आज वाटतं, अन्याय नेमका इथंच आहे. कळणाऱ्या शिवीला उत्तर देता येतं. न कळणारी शिवी खाली मान घालून घ्यावी लागते. वर देणाऱ्यालाही ती शिवी वाटत नाही. शिकलेली माणसं ‘मूर्ख’ म्हणायला कचरतात आणि ‘इडियट’ सहज म्हणून जातात. परकी भाषा अपमानाला इस्त्री करून देते.

पुढे शहरात गेल्यावर या शब्दांची कुळी शोधायचा नाद लागला. जुन्या लंडनमध्ये नकली माल अस्सल म्हणून गळ्यात मारणाऱ्या फेरीवाल्यालाही ‘डफर’ म्हणत. ‘डन्स’ हा शब्द तर जॉन डन्स स्कॉटस या मोठ्या तत्त्वज्ञाच्या नावावरून आला. तो 1308 मध्ये वारला. दोनेकशे वर्षांनी नव्या विचारांच्या लोकांनी त्याच्या अनुयायांची टिंगल केली आणि एका पंडिताचं नाव ढ पोरांना चिकटलं. आपला ‘ढ’ही तसाच. अशोकाच्या ब्राह्मी लिपीपासून बाकीची अक्षरं पार बदलली, ढ मात्र जवळजवळ आहे तसाच राहिला. म्हणून न बदलणाऱ्या पोराला ‘ढ’ म्हणतात, असं सांगतात. मला तर त्या अक्षराचं कौतुकच वाटतं. दोन हजार वर्षं टिकला बिचारा.

‘डम्ब’ या शब्दाचा मूळ अर्थ मुका. ज्याला बोलता येत नाही त्याला अक्कल नाही, असं बोलणाऱ्यांनी ठरवलं. आमच्या आळीत एक मुके काका होते. पाऊस झाला की लोक त्यांना रानात न्यायचे. ते मूठभर माती दाबायचे, मूठ उघडून बघायचे. ढेकूळ फुटलं तर मान डोलवायचे, नाही तर दोन बोटं दाखवायचे – अजून दोन दिवस थांबा. वापसा त्यांच्याइतका दुसऱ्या कुणाला कळत नव्हता. इंग्रजीच्या हिशेबानं ते ‘डम्ब’.

आणखी एक गोष्ट मला लागली. ‘बूअर’ म्हणजे असभ्य, अडाणी. मूळ अर्थ शेतकरी. ‘क्लाउन’ सर्कशीत जाण्याआधी खेडवळ माणूसच होता. ‘व्हिलन’ म्हणजे मुळात जमीनदाराच्या रानात राबणारा. आपल्याकडं ‘गावंढळ’ म्हणतात तसंच. नांगरणाऱ्याला येडं ठरवायचं काम जगात सगळीकडं न नांगरणाऱ्यांनीच केलेलं दिसतं.

हे नुसत्या बोलण्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण 1910 मध्ये हेन्री गोडार्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं ग्रीक भाषेतून ‘मोरॉन’ हा शब्द घडवला. इडियट, इम्बेसाइल, मोरॉन अशा तेव्हा शास्त्राच्या पायऱ्या होत्या, माणसाच्या ‘मानसिक वया’वरून लावलेल्या. पुढे न्यूयॉर्कच्या बंदरात बोटीतून उतरलेल्या गरीब, भाषा न येणाऱ्या लोकांना प्रश्न विचारून त्यांच्यावर असे शिक्के मारले गेले. 1927 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं अशाच शिक्क्याच्या आधारानं कॅरी बक नावाच्या तरुणीची सक्तीची नसबंदी योग्य ठरवली. आज मित्रामित्रांत हसत म्हटला जाणारा शब्द एके काळी सरकारी कागदावर होता.

मग मूर्खाला मूर्ख म्हणायचंच नाही का? मूर्खपणा जगात आहे, तो डोळ्यांनी दिसतो. कर्ज काढून मोठं लग्न करणाऱ्याला काय शहाणा म्हणायचं? इथं मला समर्थांची रीत पटते. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातला पहिलाच समास मूर्खलक्षणांचा आहे. त्यात मूर्ख ओळखायचा तो त्याच्या वागण्यावरून. वागणं टाकता येतं. टाकावं म्हणूनच ते सांगितलंय. आणि त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खासाठी वेगळा समास आहे. म्हणजे शिकलेल्यालाही सुटका नाही.

‘हे येडेपणाचं केलंस’ आणि ‘तू येडाच आहेस’ यांत बांधाएवढं अंतर आहे. पहिल्यात उद्याची जागा शिल्लक राहते. दुसऱ्यात माणूस तिथंच संपतो, आणि पोर लहान असेल तर ते शब्दावर विश्वासही ठेवतं. आमच्या वर्गातल्या कितीतरी पोरांनी तो ठेवला. सातवी-आठवीतून दप्तर टाकून ती गुरांमागं गेली, ती ‘आपल्या डोक्यातच नाय’ हे पक्कं करून. त्यांतला एक पुढं चार गावांच्या मोटारी उघडून बसवायचा. तरी अर्ज भरायची वेळ आली की तो कागद बायकोपुढं सरकवायचा, ‘आपुन डफर हाय,’ असं म्हणत. त्या शब्दाचा अर्थ त्याला तेव्हाही माहीत नव्हता.