मालेगावचा एप्रिल

कोरोनाकाळातल्या मालेगावची गोष्ट हल्ली सांगितली जाते ती मे महिन्यापासून पुढची. रुग्ण कमी होत गेले, 'मालेगाव पॅटर्न' हा शब्द वर्तमानपत्रांतून फिरू लागला, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने 'मालेगाव मॅजिक' नावाने अभ्यासही हाती घेतला. यशाचं श्रेय घ्यायला माणसं पुढे येतातच. पण कुठलीही संस्था, कचेरी किंवा शहर चालवणाऱ्याने शिकावं असं जे काही आहे, ते त्याआधीच्या एप्रिलमध्ये आहे. आणि एप्रिलबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

एप्रिल २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात शहरात पहिले रुग्ण सापडले. टाळेबंदीला तोवर पंधरवडा झाला होता आणि यंत्रमाग थांबले होते. मालेगावात माग थांबणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला चटकन कळत नाही. बारा-बारा तासांच्या पाळ्यांवर चालणारा हा धंदा. दिवसपाळीचे कामावर असतात तेव्हा रातपाळीचे घरी झोपलेले असतात, म्हणून तर एका खोलीचं घर कसंबसं पुरतं. माग बंद पडले आणि दोन्ही पाळ्या एकाच खोलीत आल्या. 'घरात थांबा, अंतर राखा' हा आदेश मोसम नदीच्या पूर्वेकडच्या दाट वस्तीत पोचला नव्हता असं मुळीच नाही. तो पोचत होता, कळतही होता. पाळता येत नव्हता. पण 'पाळता येत नाही' हे वर कळवायची वाट कुठे होती?

मग घरोघर सर्वेक्षण सुरू झालं. दारात आशा सेविका, हातात वही. घरात माणसं किती, नावं काय, वयं काय, बाहेरगावाहून कोण आलंय? आता हे प्रश्न त्या घराच्या बाजूने ऐकून पाहा. जेमतेम दोन-तीन महिन्यांपूर्वी याच शहरात नागरिकत्व कायदा आणि नागरिक नोंदणीविरोधात मोठी आंदोलनं झाली होती. सरकारी माणूस दारात येऊन नावं लिहून घेईल, ही भीती तेव्हा घराघरात बोलली गेली होती. आणि आता खरोखरच कुणीतरी दारात उभं राहून नावं लिहून घेत होतं. अनेक दारं बंद झाली. त्याचं निदान वरच्या पातळीवर झालं ते 'अफवा', 'अज्ञान', 'असहकार' अशा शब्दांत. मला ते निदान आळशी वाटतं. त्या घरांनी आपल्या अनुभवावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा असेल, पण अडाणीपणाचा नव्हता. दार का लागलं, हे वहीवाल्या बाईला पहिल्याच गल्लीत कळलं असणार. पण तक्त्यात 'किती घरं झाली' आणि 'किती राहिली' असे रकाने असतात, 'का राहिली' याला रकाना नसतो.

त्यातच खासगी दवाखाने बंद. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकाराच्या रुग्णांनी जायचं कुठे? महिनाभरात कब्रस्तानातली दफनं नेहमीपेक्षा कितीतरी वाढली आणि कोरोनाबळींचा अधिकृत आकडा त्यामानाने लहानच राहिला. डोळ्यांसमोरचं आणि कागदावरचं जुळेना, तेव्हा लोकांनी डोळ्यांवर विश्वास ठेवला. बंदोबस्ताला आलेले पोलीस आणि राज्य राखीव दलाचे जवानही मोठ्या संख्येने आजारी पडले. म्हणजे आदेश देणारे, पोचवणारे आणि झेलणारे, सगळेच अडचणीत.

बदल झाला तो या टप्प्यावर. सूरज मांढरे तेव्हा नाशिकचे जिल्हाधिकारी होते. मालेगावची विशेष जबाबदारी डॉ. पंकज आशिया या तरुण सनदी अधिकाऱ्याकडे आली. मौलवी, युनानी हकीम, स्थानिक डॉक्टर यांना बोलावून घेतलं गेलं, बंद दवाखाने पुन्हा उघडण्यावर भर दिला गेला. रमजान २५ एप्रिलला सुरू झाला आणि ईद २५ मे रोजी आली. नमाज घरीच पढा, हे सांगणारा आवाज पोलिसांच्या गाडीतून येण्याऐवजी मशिदीतून आला. मन्सुराच्या युनानी महाविद्यालयाचा काढा घरोघर गेला. त्या काढ्याने विषाणू हटला, असं मी म्हणणार नाही. साथीच्या चढउताराला वस्तीचं वय, आधी होऊन गेलेला संसर्ग अशी पुष्कळ कारणं असतात, आणि सगळं श्रेय नेतृत्वाच्या पदरात टाकणं हा आपला जुना छंद आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की काढ्याच्या निमित्ताने दार उघडलं, आणि उघड्या दारात ताप आहे का हे विचारता आलं.

साथ, वस्ती आणि सरकार यांचा हा पेच महाराष्ट्राला नवा नव्हता. १८९७ च्या पुण्यात प्लेगच्या रुग्णांचा शोध घ्यायला इंग्रज प्लेग अधिकारी रँड याने गोरे सोजीर घराघरांत घुसवले. त्याच्या कारभारात कार्यक्षमतेची वाण नव्हती. देवघरापर्यंत बूट गेल्यावर लोकांना काय वाटतं, हे ऐकून धोरण बदलण्याची सोय नव्हती. पुढे काय झालं ते शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे.

मालेगावला खरी जवळची आहे ती भिवंडी. तीही मागांचीच नगरी, १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी पोळलेली. १९८८ नंतर तिथे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. त्यांचं मर्म प्रतिष्ठितांच्या सत्कारात नव्हतं. साध्या हवालदाराला त्यांनी मोहल्ल्याशी जोडून दिलं, आणि नळाची, गटाराची, शेजाऱ्यांची भांडणं बैठकीत येऊ लागली. ही कटकट रोज ऐकली गेली, म्हणून मोठी बातमीही वेळेत वर चढायची वाट तयार राहिली. १९९२ च्या डिसेंबरात मुंबई पेटली, तेव्हा खोपडे भिवंडीतून बदलून गेले होते. तरी भिवंडी शांत राहिली, कारण नंतरच्या अधिकाऱ्यांनी कमिट्या मोडल्या नव्हत्या.

मालेगावात ऐकण्याची वाट अशी टिकून राहिली नाही, आणि 'पॅटर्न'च्या कौतुकात ही बाजू झाकली जाते. आशियाही पुढे बदलून गेले, योगायोगाने भिवंडीलाच, महापालिका आयुक्त म्हणून. आपल्याकडे पदभार देताना फायली, गाड्या, शिल्लक रक्कम यांची यादी होते. कुठल्या गल्लीत कुणाचा शब्द चालतो, कोण कशावरून दुखावलंय, ही माहिती मात्र जाणाऱ्याच्या फोनमधल्या नंबरांबरोबरच जाते. नेतृत्वाच्या शिबिरांत 'संवादकौशल्य' शिकवतात ते बहुधा बोलण्याचं. ऐकलेलं कचेरीच्या दप्तरी कसं टिकवायचं, याचा तास मी कुठे पाहिलेला नाही.

वर्षभराने लस आली आणि मालेगाव पुन्हा मागे पडलं. तेच संशय, तीच बंद दारं, पुन्हा मौलवींच्या भेटीगाठी, जणू २०२० झालंच नव्हतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी जाहीर केलं की मुस्लीमबहुल भागांत लसीबद्दलची भीती घालवायला सलमान खान आणि धर्मगुरूंची मदत घेऊ. स्वतःच्या हिमतीवर 'मालेगाव के शोले' काढणाऱ्या सिनेमावेड्या गावात ही कल्पना अगदीच वाईट म्हणता येणार नाही. पण दीड वर्षापूर्वी वही घेऊन दारोदार फिरलेल्या आशा सेविका त्याच गल्ल्यांत राहत होत्या, आणि त्यांना विचारायला मुंबईहून कुणाच्या तारखा घ्याव्या लागणार नव्हत्या.