यशोदेची दोरी आणि जॉइंटचा रँक

‘जॉइंट’ या प्रवेशपरीक्षेच्या आणि प्रवेशांच्या दिवसांत कोलकात्यातला धर्मतल्ल्याचा बस-स्टँड बघावा. बांकुडा, पुरुलिया, मेदिनीपूरकडच्या गाड्यांतून बापलेकांच्या जोड्या उतरतात. बापाच्या हातात प्लास्टिकची फाइल, मुलाच्या पाठीला सॅक. एस्प्लनेड मेट्रोच्या जिन्यापर्यंत बापाच्या सूचना संपत नाहीत आणि मुलगा नुसती मान हलवत राहतो. माझं ऑफिस चौरंगीवर, म्हणून ही माणसं माझ्या रोजच्या वाटेवरची. त्यांना पाहून मला एक प्रश्न सोडत नाही. मुलानं आपली किंमत सिद्ध करायची असते, की ती घेऊनच ते जन्माला येतं?

बर्कलीच्या डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकांचे प्रकार पाडले. नुसता धाक घालणारे आणि नुसतं मोकळं सोडणारे यांच्यापेक्षा शिस्त आणि माया दोन्ही देणारे त्यांना सरस दिसले. १९९४ मध्ये रूथ चाओ यांनी त्यावर आक्षेप घेतला. अमेरिकेतली चिनी घरं त्या मोजपट्टीवर धाकाची ठरतात, तरी त्यांची मुलं शाळेत मागे पडत नाहीत, हे कसं? चाओ यांचं म्हणणं असं, की त्या घरांत आई मुलाच्या शिक्षणासाठी स्वतः खपते आणि तिचा कडकपणा मुलाला काळजी म्हणूनच कळतो. एस्प्लनेडहून बेंटिंक स्ट्रीटला वळलं की चिनी कुटुंबांची जुनी बुटांची दुकानं लागतात. तिथून जाताना मला चाओ पटतात. शिस्तीवाचून असं कसब बापाकडून लेकाकडे उतरत नाही.

रोनाल्ड रोनर यांनी अनेक देशांतल्या मुलांचा अभ्यास केला. घरचे नियम किती कडक, हे समाजागणिक बदलतं. पण आईबापांना आपण नकोसे आहोत असं ज्या मुलाच्या मनानं घेतलं, त्याचं स्वतःबद्दलचं मत कुठल्याही देशात खालावलेलंच आढळतं. मला वाटतं, सगळ्या वादाचं मर्म इथे आहे.

बंगालच्या वैष्णवांनी हे मर्म फार आधी धरलं होतं. रूप गोस्वामींनी सोळाव्या शतकात ‘भक्तिरसामृतसिंधु’मध्ये शांत, दास्य, सख्य, वात्सल्य आणि मधुर असे भक्तीचे पाच मुख्य भाव सांगितले. मी वारकरी घरातली, आमचा विठ्ठल माउली. इथे वात्सल्यात देवच लेकरू होतो. आमच्या शेजारच्या मासिमा त्यांच्या पितळी गोपाळाला सकाळी उठवतात, न्हाऊ घालतात, दुपारी निजवतात, थंडीत लोकरीची टोपी घालतात. त्याच्याकडे त्या काही मागत नाहीत. या भावाची अट मात्र अवघड आहे. देवाचं ऐश्वर्य विसरावं लागतं. समोर जगाचा स्वामी बसला आहे हे सारखं आठवत राहिलं, की वात्सल्य आखडतं. आणि पोटच्या पोराकडे बघताना ज्यांना त्याचा उद्याचा रँकच दिसतो, त्यांचंही नेमकं हेच होतं.

म्हणून शिस्त सोडायची का? भागवताच्या दहाव्या स्कंधातली यशोदा बघा. कृष्णानं दह्याचं मडकं फोडलं म्हणून ती काठी घेऊन त्याच्यामागे धावते. तो घाबरलेला दिसताच काठी टाकून देते, पण शिक्षा सोडत नाही, उखळाला बांधायला घेते. दोरी दोन बोटं कमी पडते. दुसरी जोडली, तरी दोन बोटं कमीच. ती घामाघूम होते, तेव्हा तोच बांधून घेतो. टीकाकार सांगतात, एक बोट भक्ताच्या कष्टाचं आणि एक देवाच्या कृपेचं. मुलाच्या यशातही मला ही दोन्ही बोटं दिसतात. कष्ट त्यानं करायचे, पण त्याच्यावरचं आपलं प्रेम ही कष्टानं मिळवायची वस्तू नव्हे.

पितळी गोपाळाला जॉइंट द्यायची नसते, हे मला कळतं. पुरुलियाच्या बापाची शेती पावसावर. त्याच्या घराला तो रँक म्हणजे छप्पर आहे. दर महिन्याला पगार घेणाऱ्या माझ्यासारखीनं त्याला ‘मुलावर ओझं टाकू नका’ असं सांगणं अन्यायाचं होईल. त्यानं अभ्यास मागितलाच पाहिजे. नुसत्या कौतुकानंही भागत नाही. रॉय बॉमायस्टर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये आधीचं संशोधन तपासलं, तेव्हा मुलाचा आत्मसन्मान फुगवल्यानं गुण वाढतात याला आधार मिळाला नाही.

सोलापूरला माझ्या माहेरी गणितात ९७ मिळाले तर ‘तीन कुठे गेले?’ असं विचारत. त्या प्रश्नानं मी पुढे गेले हे खरं. पण कितीतरी वर्षं मला घरी यायच्या आधी आकडा लागायचा, हेही तितकंच खरं, आणि ते मला माझ्या मुलीच्या वाट्याला येऊ द्यायचं नाही.

तेव्हा निकालाच्या दिवशी एवढं करा. मूल घरात आलं की त्याला आधी जेवू घाला, गुण नंतर विचारा. ते नापास झालं असेल तर अभ्यासाचं नवं वेळापत्रक दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याशेजारी बसून करा, आणि ते कडक करा.