दोरा बोटांत धरून

घाई नसेल तेव्हाच हे वाचायला घ्या. गळ, रीळ, खोट्या आमिषांचा डबा, सगळं बाजूला ठेवा. हातभर दोरा तेवढा घ्या, अंगठा आणि तर्जनीत धरा आणि सावकाश ओढत राहा. श्वास जसा चालला आहे तसा चालू द्या.

आता मनाने अलाबामातल्या गंटर्सव्हिल तलावावर या. टेनेसी नदीवरचं इथलं धरण १९३९ मध्ये पुरं झालं. त्यामागे सुमारे २८ हजार हेक्टर पाणी पसरलं आहे आणि त्यात हायड्रिला आणि मिलफॉइल ही गवतं माजलेली आहेत. या गवताच्या कडेला लार्जमाउथ बास हा मासा दबा धरून असतो. तुम्ही होडीत बसला आहात, समोर अंधूक पाणी आहे. दोरा किती पौंडांचा, म्हणजे किती ओढ सोसणारा घ्यावा, हा प्रश्न मनात येईल. येऊ द्या, पण उत्तर लगेच देऊ नका. आधी एवढंच विचारा की माझं आमिष पाण्यात कुठे राहायला हवं?

उजाडताना तुम्ही पॉपर टाकता. हे आमिष पृष्ठभागावर तरंगतं आणि झटका दिला की खोलगट तोंडाने पाणी उडवतं. त्याच्याकडे पाहू नका, त्याच्यापर्यंत गेलेल्या दोऱ्याकडे पाहा. दोरा फ्लुरोकार्बनचा असेल तर तो पाण्याच्या पावणेदोन पट जड असतो. तो बुडतो आणि बुडताना पॉपरचं नाक खाली ओढतो. नायलॉन, म्हणजे कोकणात ज्याला तंगूस म्हणतात तो, पाण्याहून थोडाच जड असल्यामुळे बराच वेळ वर राहतो. पॉलिइथिलीनच्या तंतूंचा विणलेला दोरा तर तरंगतोच, पण तो इतका लुळा असतो की पॉपर थांबला की पुढच्या तिहेरी गळात गुरफटतो. म्हणून त्याच्या टोकाला हात-दोन हात नायलॉन जोडतात. वर्तुळं विरेपर्यंत थांबा. पृष्ठभागावरच्या आमिषासाठी दोरा वर राहणारा हवा, एवढं मनात ठरू द्या.

ऊन वर आलं. बास खोल उतरला. आता क्रँकबेट, पुढे जीभ असलेलं, ओढलं की थरथरत खाली जाणारं. इथे बुडणारा दोरा मदतीला येतो. जाडी मात्र अडवते, कारण जाड दोऱ्याला पाणी जास्त धरून ठेवतं आणि आमिष हवं तेवढं खाली जात नाही. दहा-बारा पौंडांचं फ्लुरोकार्बन पुरतं.

आता या मननातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. इथे रेंगाळा.

आजवर नोंदलेला सर्वात मोठा लार्जमाउथ बास १९३२ मध्ये जॉर्जिया राज्यात सापडला, २२ पौंड ४ औंसांचा. त्याची बरोबरी करणारा मासा २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मिळाला. दोन्ही साधारण दहा किलोंचे. रोज मिळणारा बास त्याच्या पाव वजनाचाही नसतो. मग गवताच्या दाट थरावरून रबरी बेडूक ओढणारे लोक पन्नास ते पासष्ट पौंडांचा विणलेला दोरा का भरतात?

उत्तर शोधण्यासाठी मनाने त्या थराखाली जा. बेडूक वरून सरकतो आहे. गवत फुगतं, फुटतं, बेडूक नाहीसा होतो. गळ रुतताच बास खाली मुसंडी मारतो आणि देठांना वेढे घालतो. आता तुमच्या हाताला जे वजन लागतं त्यात मासा थोडा आणि ओलं गवत फार. नायलॉन इथे रबरासारखा ताणला जात राहील आणि बासला आणखी खोल जायला वेळ देईल. विणलेला दोरा जवळजवळ ताणला जात नाही आणि ओढताना हिरवे देठ कापत येतो. वेष्टनावरचा पौंडांचा आकडा माशासाठी क्वचितच असतो. मासा ज्यात राहतो, त्यासाठी तो असतो. गवत, बुडालेली झाडं, दगड, शिंपले: आधी हे ओळखा, मग आकडा निवडा. माझ्या मते बासच्या दोऱ्याबद्दल शिकण्यासारखी याहून मोठी गोष्ट नाही.

पुन्हा उघड्या, नितळ पाण्याकडे या. फ्लुरोकार्बन पाण्यात दिसत नाही, असं सगळे सांगतात. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लुरोकार्बनचा सुमारे १.४२, नायलॉनचा १.५ च्या पुढे. म्हणजे तो कमी दिसतो, नाहीसा होत नाही. मी तो घेईन तो दगडांसाठी, कारण घासटणं तो चांगलं सोसतो. दगडांवर विणलेला दोरा लवकर उसवतो.

आता डोळे मिटा. तळाशी रबरी गांडूळ आहे आणि दोरा तर्जनीवर टेकवलेला आहे. बास आमिष पाण्यासकट आत ओढतो आणि खोटं वाटलं तर क्षणात थुंकतो. बोटाला जाणवेल ती एखादी बारीक टक. कधी टक येतही नाही, सैल दोरा नुसता बाजूला सरकतो. म्हणून डोळे उघडा आणि दोरा पाण्यात शिरतो तिथे नजर ठेवा.

शेवटी गाठ. पालोमर घाला, थुंकीने भिजवा आणि हळूहळू आवळा. फ्लुरोकार्बन कोरडा ओढला तर घर्षणाने तापतो, गाठीजवळ कुरळा होतो आणि नेमका तिथेच तुटतो. आवळून झाल्यावर वरचा हातभर दोरा नखातून फिरवा. कुठे खरखर लागली तर तेवढा कापून टाका आणि गाठ पुन्हा घाला. कंटाळा आला तरी घाला.

कापलेला तुकडा मात्र पाण्यात सोडू नका. नायलॉन कुजत नाही. त्यात बगळ्यांचे पाय आणि कासवांच्या माना अडकतात आणि तो कुणाला दिसत नाही म्हणून कुणी सोडवायलाही येत नाही. अमेरिकेत अनेक धक्क्यांवर वापरलेला दोरा टाकायला पीव्हीसी पाइपचे उभे डबे लावलेले असतात. नायलॉन आणि फ्लुरोकार्बन त्यात टाका. विणलेला दोरा तिथे चालत नाही, त्याचे बारीक तुकडे करून झाकणाच्या कचरापेटीत टाका. डबा नसेल तर खिशात घालून घरी न्या.