मालक कोण?



दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातून लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. उचल मुकादमाची, ऊस कारखान्याचा. तोडताना हात कापला, तर कारखान्याच्या लेखी माणूस मुकादमाचा आणि मुकादमाच्या लेखी काम कारखान्याचे. मग मालक कोण?

अशाच घरातला मुलगा आज पुण्यात मोटारसायकलवरून जेवणाची पार्सले पोचवतो. ॲप त्याला कामगार म्हणत नाही, ‘पार्टनर’ म्हणते. पण दर ठरवताना या भागीदाराला कोणी विचारत नाही. आयडी बंद झाला, तर दाद मागायला समोर माणूस सापडत नाही. त्याच्यावर उचलीचे ओझे नाही, नको त्या दिवशी तो घरी राहू शकतो, हेही खरे. हे स्वातंत्र्य लहान नाही. पण अपघाताची जोखीमही त्याच्या एकट्याचीच का?

२०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यानुसार अशा कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची आहे. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठीही कारखान्यांवर टनामागे १० रुपये आकारणी ठरली. तत्त्व एकच : ज्याला श्रमाचा लाभ, त्याने भारही उचलावा. मात्र निधी दिला म्हणजे न्याय झाला, असे नाही. योग्य दर कोणता, काम का बंद केले, याचे उत्तर संहिता देत नाही.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’मध्ये बजावले की, गरजेपोटी मजूर कबूल झाला म्हणून अपुरी मजुरी न्याय्य ठरत नाही. २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे यांनी नाव घेताना याच शिकवणीची आठवण दिली.

मत्तयच्या शुभवर्तमानातील (अध्याय २०) द्राक्षमळ्याचा धनी आठवा. तो स्वतः बाजारात गेला. संध्याकाळी मजुरी कारभाऱ्याने वाटली, पण कुरकुर ऐकून उत्तर धन्यानेच दिले. तो कारभाऱ्याच्या आड लपला नाही. मुकादम असो वा ॲप, मधला कोणीही आला तरी धन्याची जबाबदारी संपत नाही.

आपली मुले असे काम करीत असतील, तर त्यांची ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करून घ्या. आणि आपण स्वतः मध्यस्थामार्फत मजूर लावतो, तेव्हा त्याच्या हातात किती पैसे पडले, हे त्यालाच विचारा.