सायकलची शिंगे

हैदराबादला असणारा माझा भाचा गेल्या वर्षी विकाराबादकडून अनंतगिरीच्या टेकड्यांत जाणाऱ्या एका मुरमाड वाटेवर सायकलवरून पडला. उतार होता, खडी सुटी होती. पुढचे चाक दगडावर उडाले आणि हँडलच्या वरच्या दांडीवर नुसता टेकवलेला हात निसटला. उजवे मनगट मोडले, सहा आठवडे प्लास्टर. त्याच्या आईने, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीने, सायकल विकून टाकण्याचा हुकूम काढला. त्याने सायकल विकली नाही. नवे हँडल घ्यायचे ठरवले आणि कोणते घ्यावे हे विचारायला मला उदगीरला फोन केला. “मामा, तुम्ही सांगितलं तर आई ऐकेल.”

मला ठाऊक असलेली सायकल म्हणजे काळी, उंच, मागे कॅरिअर आणि दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या. तिला हँडल निवडायचे नसे. चेहऱ्याबरोबर नाक येते तसे ते सायकलबरोबर येई. पुढे रेसिंगच्या सायकली आल्या, त्यांची हँडले मेंढ्याच्या शिंगांसारखी खाली वळलेली. भाच्याची सायकल त्याच कुळातली, पण खडी-मुरमाच्या रस्त्यासाठी बनवलेली. तिला ‘ग्रॅव्हल बाइक’ म्हणतात. तिच्या हँडलची खाली वळलेली टोके सरळ खाली न जाता बाहेर फाकलेली असतात. आमच्याकडे पाय असे असले तर माणसाला फेंगडा म्हणतात.

हे फाकणे अंशांत मोजतात. कुणाचे बारा अंश, कुणाचे सोळा, कुणाचे पंचवीसपर्यंत. वळणाची खोली बारा सेंटिमीटर धरली तर सोळा अंशांनी प्रत्येक टोक साडेतीन सेंटिमीटर बाहेर जाते. म्हणजे वर बेचाळीस रुंद असलेले हँडल खाली एकोणपन्नास होते. एवढ्याशा फरकाने काय होते? उतारावर हात खाली घेतले की बोटे नळीला आकड्यासारखी धरून राहतात, धक्क्याने सुटत नाहीत. ब्रेक बोटाखाली येतो, अंग खाली जाते, आणि पकड रुंद असल्यामुळे दगडाने चाकाला दिलेला हिसका मनगटापर्यंत पोचला तरी चाक सहजी फिरत नाही.

देवणी गुरांच्या मुलखातल्या माणसाला यात नवल वाटू नये. पोळ्याला शिंगे रंगवताना आपण पाहतोच, देवणीची शिंगे बाजूंनी निघून बाहेर आणि मग वर वळतात. पिकासोने १९४२ मध्ये सायकलचे सीट आणि हँडल एकमेकांना जोडून बैलाचे मुंडके केले होते. त्याला ते त्या दिवशी सुचले. आमच्या गुराख्याला रोजच सुचले असते. असो.

भाच्याची खरी अडचण मात्र शिंगांच्या आकाराची नव्हती. तो हिशेबी मुलगा आहे. महिन्याभरात तो जितका फिरतो त्यातले शंभरातले पंच्याण्णव किलोमीटर डांबरावरचे. बाह्य वळणरस्त्याच्या कडेने २०२३ मध्ये झालेला, सौर पत्र्यांच्या छपराखालचा तेवीस किलोमीटरचा सायकलमार्ग त्याला जवळ पडतो. तिथे फाकलेल्या टोकांचा उपयोग शून्य. उलट तोटाच, कारण फाक जास्त असेल तर ब्रेकचे दांडे तिरके बसतात, वरून धरताना मनगट किंचित मुरडते आणि गर्दीत टोके लोकांना लागतात. त्याचा प्रश्न असा होता: पाच किलोमीटरसाठी पंच्याण्णव किलोमीटरांनी का सोसावे?

हा प्रश्न हँडलपुरता नाही. आपले घर, पैसा, शेत, मुलांचे शिक्षण आपण कोणत्या दिवसांसाठी मांडतो? बहुतेक दिवसांसाठी, की अडचणीच्या एका दिवसासाठी?

भाचा ज्या शहरात राहतो त्या शहराला हा प्रश्न एकदा फार क्रूरपणे विचारला गेला. वर्षातले बहुतेक दिवस मुसी ही पायाला पाणी लागेल न लागेल अशी नदी. २८ सप्टेंबर १९०८ रोजी ती शहरात शिरली आणि हजारो माणसे गेली. आज उस्मानिया दवाखान्याच्या आवारात असलेल्या चिंचेच्या झाडावर चढलेली दीडशेच्या आसपास माणसे तेवढी वाचली. त्यानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावण्यात आले. त्यांनी सुचवलेल्या योजनेतून मुसीवर उस्मानसागर आणि इसीवर हिमायतसागर हे जलाशय झाले, पहिला १९२० मध्ये, दुसरा १९२७ मध्ये. हिशेबी माणूस म्हणाला असता, अशा एका रात्रीसाठी दोन धरणे? पण त्याच धरणांचे पाणी शहर पुढे वर्षानुवर्षे प्यायले. उलट नाले आणि तळी मात्र बहुतेक दिवस कोरडी असतात म्हणून त्यांवर घरे चढली, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये पाण्याने आपली जुनी वाट शोधली.

एवढे सांगून भाच्याला “पंचवीस अंशांचे घे” म्हणावे असे मला वाटले होते. पण मला आमच्या एका आजीची आठवण आली. तिच्या घरी एक मऊ गादी होती, पाहुण्यांसाठी. ती स्वतः आयुष्यभर गोधडीवर निजली. पाहुणे वर्षातून दोनदा येत आणि तेही “गादी नको, उकडतं” म्हणत. अडचणीच्या दिवसाची तयारी रोजच्या दिवसाला खाऊन टाकू लागली, की तिला तयारी तरी कशाला म्हणायचे?

आणखी एक शंका मी त्याच्यापाशी बोलून दाखवली, जरा कडू होती. अमेरिकेत कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावी खडीच्या रस्त्यावर दोनशे मैलांची शर्यत होते. २००६ पासून चालू आहे. तिची चित्रे हा रात्री बघत बसतो. म्हटले, “तू हँडल अनंतगिरीच्या उतारासाठी घेतोयस, की त्या चित्रातल्या माणसासाठी?” तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “दोन्ही, मामा.” खरे बोलला म्हणून मला बरे वाटले. आपल्यातला न झालेला माणूसही आपल्याकडून खरेदी करवून घेतो. त्याला थोडे द्यावे, पण सगळी पिशवी त्याच्या हाती देऊ नये.

शेवटी तो ज्याच्याकडे सायकल दुरुस्त करतो त्या म्हाताऱ्या मिस्त्रीने गुंता सोडवला. त्याने किलोमीटर विचारलेच नाहीत. विचारले, “कां गिरे, वो बोलो पैले.” पडलेली जागा, हात कुठे होता, ब्रेक कोणत्या बोटाने ओढला, सगळे ऐकून घेतले. मग भाच्याला हवेत हात धरायला लावले, वर आणि खाली, आणि मनगट कुठे मुरडते ते पाहिले. सोळाच्या वर जाऊ नको म्हणाला. मी एवढे इतिहास-पुराण सांगून ज्या आकड्याला पोचलो नव्हतो, तिथे तो चहा संपायच्या आत पोचला.

दिवाळीला बहीण हैदराबादहून आली तेव्हा म्हणाली, “दादा, तुझ्या सांगण्यावरून एवढे पैसे घातले त्याने. वरची पट्टी हातांनी काळी झालीय, खालची अजून कोरी. तिथे हात लावतच नाही तो.”

भाचा चकली मोडत होता. “लावतो की, आई,” म्हणाला. “उतारावर.”